दोन्ही हातांत कासरे

पोळा, १९५९. संध्याकाळ.

बाबा हृदयविकाराने गेले त्याला चार महिने झाले. तेव्हापासून छाती धडधडली की माझी बोटे मनगटावर जातात. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "हृदय चांगलं आहे. धडधडेल आणि थांबेल. नाडी मोजत बसू नका." तरी मोजतोच.

यंदा आपल्याला सण नाही, असे मी आईला म्हणालो. ती म्हणाली, "आपल्याले नसन, बैलाईले हाये. घेऊन जाय."

गावच्या तोरणाखाली, जिथे बाबा दर पोळ्याला झडती, म्हणजे सणाचे कवन, म्हणायचे, तिथे जोडी घेऊन उभा राहिलो आणि धडधड सुरू झाली. बोटे मनगटाकडे निघाली, पण दोन्ही हातांत कासरे. सोडले असते तर जोडी उधळली असती. तेवढ्यात शेजारचे किसनकाका ओरडले, "काय गा, बापासारखी झडती म्हनशीन का मुकाच उभा राह्यशीन?"

चारचौघांत मी कधी बोलत नाही, पण बाबांची झडती म्हटली. पूर्ण. शेवटी साऱ्या गावाने महादेवाचा गजर केला. धडधड केव्हा थांबली? कळलेच नाही. बोटे तर कासऱ्यांवर होती.

घरी आईने बैलांच्या पायांवर पाणी घातले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "घरापर्यंत आयकू आलं."