काळ्या डुंगरावर दादाच्या नावाने

चिंचपोकळी, जानेवारी १९५८, रविवार संध्याकाळ

सकाळी कच्छहून परतलो. पायांचे फोड ठणकताहेत, पण बोचतंय ते वेगळंच.

रणाकाठच्या काळ्या डुंगरावर दत्ताला जायचा नवस दादाचा. पण मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून तो मोर्चात गेला आणि पोलिसांची गोळी गुडघ्यात बसली. म्हणून धाकटा मी गेलो. वर चढताना सावली कुठेच नाही, खाली नुसतं पांढरं रण. अर्ध्या वाटेत मी बसलोच. सोबत वाट दाखवायला आलेला खावडा गावचा म्हातारा गुराखी होता. त्याने त्याच्या गुजरातीत विचारलं, "भाऊ का नाही आला?"

मी गोळीचं सांगितलं. कशापायी लागली तेही. वाटलं, हा आता मला तिथेच सोडून उतरणार.

तो माझ्याजवळ येऊन वाकला. मग माझी पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "भावाचं नाव काय?"

वर पोचलो तेव्हा हात जोडायचंही त्राण नव्हतं. नारळ त्यानेच फोडला. दादाचं नाव घेऊन, याचा गुडघा बरा कर, असं त्यानेच दत्ताला सांगितलं. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. असा नवस फिटतो का? आणि फेडला कोणी?

आज घरी दादाने पाय लांब करून सगळं ऐकलं. म्हणाला, "त्यांना पत्र टाकू. मीच लिहितो." वहिनीने कार्ड दिलं.

"नाव काय रे त्यांचं?"

मी विचारलंच नव्हतं.

दादाने कार्डावर गावाचं नाव लिहिलं आणि त्याच्या वरची ओळ कोरी ठेवली.