उकळलेलं औषध

१२ जानेवारी
गव्हावर तांबेरा! पानावर बोट फिरवलं, बोट नारिंगी झालं. दीर, रूपराव भाऊजी, शेताच्या धुऱ्यावरूनच, बांधावर उभं राहून बोलले — "यंदा गहू गेला तं पुढच्या सालापासून हे वावर मीच वाहीन, वहिनी. भाऊ असता तं गोष्ट येगळी." हे जाऊन तीन वर्षं झाली. वावर तेवढं माझ्या हाती आहे.

१४ जानेवारी
कृषी सहायक सोनम मॅडमनी प्रयोगासाठी डबा दिला. जिवाणूंचं द्रावण, तांबेऱ्याच्या बुरशीवर. सोबत पत्रक. "वाचून घ्या बरं काकू." मला सांगावं लागत नाही. शाळा पाहिली नाही, पण बियाण्याच्या पिशव्यांवरून अक्षरं शिकले.

१५ जानेवारी
घात झाला. द्रावणाला आंबूस वास. जाऊबाई देवकाला वाटलं, नासून चाललं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिने दुधाच्या गंजात ओतून चुलीवर उकळी आणली!
"दुधाले नाई का आणत? किडे मेले असतीन त्यातले."
किडेच हवे होते, बाई! गंज उतरवून झाकून ठेवला.

१६ जानेवारी
पत्रक पुन्हा वाचलं. मागे बारीक अक्षरात — बुरशीला थोपवतात ते जिवाणूंनी पाण्यात सोडलेले पदार्थ. म्हणजे ते मेले तरी त्यांनी केलेलं राहिलं असेल? मॅडमना फोन केला. आधी हसल्या, मग म्हणाल्या, "काही पदार्थ उकळीतही टिकतात काकू. खात्री देत नाही. चार ओळी कोरड्या सोडा, फरक कळेल."

१७ जानेवारी
गाळून फवारलं. पंपाचा पट्टा अजून यांच्या मापाचा. गाठ मारून घेतली.
भाऊजी — "वहिनी, गव्हाले चहा पाजून राह्यल्या का?"

२ फेब्रुवारी
सोडलेल्या चार ओळी नारिंगी. बाकीच्यांवर जुने ठिपके तेवढे, वरची पानं हिरवी. तीनदा फिरून पाहिलं.

९ फेब्रुवारी
देवका गावभर सांगते, "म्या उकळलं म्हणून लागू पडलं!" सांगू दे.

२० मार्च
गहू घरात आला. भाऊजींनी मूठभर दाणे हातावर घेतले, फुंकले. "बरं, करा अजून एक साल."
एक साल!

२७ मार्च
पुढच्या प्रयोगासाठी मॅडमना सातबारा हवा. कागदपत्रं सगळी भाऊजींकडे. ते नव्हते, म्हणून मीच तलाठ्याकडे गेले. उभ्यानेच वाचला. नाव एकच, माझं. फेरफार, म्हणजे नाव चढवल्याची नोंद, हे जिवंत असतानाची. हे मला बोलले नव्हते.
तीन वर्षं असाच कागद भाऊजींच्या पेटीत होता.