हिच्या पंख्याचा फ्यूज

३ मार्च, मंगळवार

ट्यूनर आला! मुठीत मावेल एवढी डबी, वर छोटासा पडदा, खाली वायरीचं शेपूट. एवढ्याशा जिवामुळे आपल्या ट्रकला चढावर दम येणार म्हणे. येवो. खाणीचं काम धरायचं तर दगड डोंगरापलीकडे न्यावा लागेल, आणि भरलेली गाडी त्या चढावर म्हाताऱ्या बैलासारखी धापा टाकते.

पोरीला फोन केला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करते ती. हिने तिचं नावच मिस्त्रीण ठेवलं होतं. म्हणाली, "बाबा, घाई नको. आधी फ्यूज काढायचे." मग जरा थांबून — "पण ते खाणीचं काम घ्यायलाच हवं का? गाडी विकून टाका ना."

झालं! ही गेल्यापासून पोरीचं हेच पालुपद. कारण मला ठाऊक आहे. तोंडाने बोलत नाही, एवढंच.

५ मार्च, गुरुवार

फ्यूजचं प्रकरण असं — ट्यूनर इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम भरतो. तो भरला जात असताना दुसऱ्या कशानेही बॅटरी ओढता कामा नये. मध्येच वीज कमी पडली तर कॉम्प्युटरच्या डोक्याचा भुगा, आणि गाडी जागची हलायची नाही. म्हणून रेडिओ, मागचा कॅमेरा, नंतर बसवलेलं जे जे काही — सगळ्यांचे फ्यूज उपटून ठेवायचे.

नंतर बसवलेलं जे जे काही! ते तर सगळं हिचंच. हिचा पंखा. हिचा दिवा. इन्शुलिन ठेवायच्या फ्रीजचं सॉकेट. डॅशबोर्डखालचं झाकण काढलं तर प्रत्येक फ्यूजपाशी पांढऱ्या चिकटपट्टीवर हिचं अक्षर. 'माझा पंखा.' 'फ्रीज — विसरू नका.' 'रेडिओ — आवाज कमी!'

हसू आलं. मग चिमटा हातात धरून नुसताच बसून राहिलो.

पंख्याचा काढला. नखाएवढा तुकडा. ही गेल्यापासून गाडी आवारातच उभी आहे, पंखा काय फिरत होता थोडाच? तरी फ्यूज निघाला आणि केबिनमध्ये एकदम उकडायला लागलं.

पुढचे काढवले नाहीत.

६ मार्च, शुक्रवार

बॅटरी चार्जिंगला लावली. दुसरं काही केलं नाही.

८ मार्च, रविवार

पोरगी सकाळीच हजर. चहासुद्धा न घेता केबिनमध्ये शिरली. "एवढाच काढलात?" फ्यूज वेगवेगळे ठेवायला एखादी डबी द्या म्हणाली. घरात शोधलं, हिच्या गोळ्यांची डबी सापडली — वारांचे खण असलेली. तीच दिली. पोरीने ती क्षणभर हातात धरली, मग रेडिओचा फ्यूज सोमवारात टाकला, कॅमेऱ्याचा मंगळवारात.

फ्रीजपाशी तिचा चिमटा घसरला. मी ओरडलोच, "सावकाश! पट्टी फाटेल."

"नाही फाटत, बाबा."

"आईचं अक्षर आहे ते!"

"ती माझीपण आई होती."

मग मला राहवेना. म्हटलं, बोलून टाक एकदाचं. आजारी बाईला ट्रकमधून गावोगाव हिंडवली, घरी असती तर जगली असती — हेच ना तुझ्या मनात?

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हणत नाहीस, तेच तर!"

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले. मग पुन्हा डॅशबोर्डखाली डोकं घातलं. जेवणापर्यंत फ्यूजच काढत बसली.

मी तरी काय करणार होतो? हीच मागे लागली होती. "घरी एकटीला करमत नाही. साखर कधी खाली येईल नेम नाही. मला न्या सोबत." नेलं. मागे गादी केली, पंखा लावला, फ्रीज बसवला. सतत तोंड चालू — जुनी भांडणं, शेजाऱ्यांची लग्नं, रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचणं! वाटायचं, आजारपणात जीव रमतोय बिचारीचा. चांगलं सांभाळतोय आपण.

आणि मग तो वजनकाटा. रांगेत गाडी लावून पावती आणायला उतरलो. परत आलो तर काचेला डोकं टेकून बसली होती. हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. एका हाकेला दहा उत्तरं देणारी बाई!

१० मार्च, मंगळवार

झालं एकदाचं. दारं बंद, फोन बाजूला, किल्ली फिरवलेली पण इंजिन बंद. पोरीने शेपूट सॉकेटमध्ये लावलं. आधी जुना प्रोग्राम ट्यूनरमध्ये उतरवून घेतला — "काही बिनसलं तर परत घालता येतो." मग नवा. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलांनी सरकत होता. मध्ये एका जागी अडून बसला तेव्हा पोरीने माझं मनगट घट्ट धरलं. कामात कधी घाबरत नाही ती. आकडा पुढे सरकला, जिवात जीव आला.

मग एकेक फ्यूज जागेवर. फ्रीजचा हातात घेऊन तिने विचारलं, "हा?"

म्हटलं, राहू दे डबीत.

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू! आवाजच बदललाय. खाणवाल्याला कळवलं, सोमवारपासून येतो. पोरगी म्हणाली, "आधी भरलेल्या गाडीने चाचणी. मी येणार." नको म्हटलं तर ऐकेना.

१२ मार्च, गुरुवार



चढ गाडीने खाऊन टाकला! दगड भरलेले, तरी कुठे दम लागला नाही. ही असती तर म्हणाली असती, "बघा, तुमच्यापेक्षा तीच तरुण झाली." पोरगीसुद्धा वाटभर बोलत होती. एरवी घुमी. म्हटलं, चला, राग निवळला असेल.

डोंगर उतरलो. पुढे सरळ रस्ता, ऊन, इंजिनाचा एकसुरी आवाज. पोरीला गॅरेजमधून फोन आला म्हणून ती तेवढी खिडकीकडे वळली.

तेवढंच.

तिची किंकाळी ऐकून डोळे उघडले तेव्हा डावी चाकं मातीत होती आणि स्टिअरिंगवर चार हात. समोर पुलाचा कठडा.

गाडी थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पोरगी कठड्यापाशी खाली बसून रडली — हिच्या मागे पहिल्यांदा एवढी. मग हात पुढे केला. "किल्ली द्या." घरापर्यंत तिने आणली.

१३ मार्च, शुक्रवार

आज पोरगी बोलली.

एकदा प्रवासात हिने माझी मान कलंडताना पाहिली होती. मला पत्ताच नव्हता. "आईला घरी राहता आलं असतं, बाबा. शेजारीण होती, मी होते. पण तुमचा डोळा लागायचा, म्हणून ती यायची."

मला का नाही सांगितलंत, विचारलं.

"शपथ घातली होती तिने. म्हणायची — वाटू दे त्यांना, तेच मला सांभाळतायत."

खाणवाल्याला नाही म्हणून कळवलं.