झडप कुणाची

मंगळवार, संध्याकाळी सात

माझ्या बायकोच्या, सुमनच्या, हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. तिच्या जागी मेलेल्या माणसाची, गोठवून जपलेली झडप बसवणार. आज डॉक्टरांना माप विचारलं. म्हणाले, "छाती उघडल्यावर नक्की करू." मी पंचवीस वर्षं बोअरचे पंप दुरुस्त करतोय, कुणी न शिकवता. पण माप ठरल्याशिवाय पंप कधी खोलला नाही. बरोबर असतील ते. तरी, माप?

संमतीचा फॉर्म सहीसाठी पुढं आला आणि बायकोच अडली. "कुणाची हाय ती?"

नाव सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले.

"मग पितरांच्या पंधरवड्यात पान कुणाच्या नावानं वाढायचं? तसंच कसं घ्यायचं? नगं मला."

मापाचं मी विसरलोच. म्हटलं, "ज्याची तिथी ठाऊक नाही, त्याचं सर्वपित्री अमावास्येला करतात." एवढं तरी मला नक्की माहीत होतं.

"आन् वाढणार कोण? तुमी? तुमच्या हाकंला कावळा तरी येतूय का?"

मी पेनाला टोपण लावू लागलो.

"द्या हिकडं पेन," ती म्हणाली. "मीच वाढीन." आणि सावकाश, पूर्ण नावानं सही केली.