‘झालं’ म्हटल्यानंतरचे फोटो

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार स्टुडिओच्या मागच्या खोलीत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणू शकेल असं घरात एकच माणूस आहे, आणि त्या माणसाशी माझं एकोणीस महिने बोलणं नाही. नजर अधू झाली आहे, खुब्यात लोखंड बसवलं आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रं केली होती. पहिल्यात सगळं धाकट्या बहिणीला होतं, दुसऱ्यात तिला काहीच नव्हतं. दोन्ही रद्द समजावीत.

कलम १. स्टुडिओ, त्यामागची खोली आणि वरच्या दोन खोल्या ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. थोरल्या भावाचा तिच्यावर काडीचा हक्क नाही. “बाईमाणसासमोर फोटोला कोण बसणार?” असं त्याने पाटी लावायच्या दिवशी भर रस्त्यात विचारलं होतं. पुढे सदतीस वर्षं लोक बसले, तोही बसला. त्याच्या लग्नाच्या फोटोंतला एक मी राखून ठेवला आहे, ज्यात वधू समोर बघते आहे आणि हा डोळे मिटून उभा आहे. तो त्याला द्यावा. बाकी काही देऊ नये.

ही सगळी मिळकत माझ्या पश्चात धाकट्या बहिणीला मिळावी. मात्र कलम ७ मधली अट पुरी केल्यावरच. हे वाचून तिला मी माफ केलं असा अर्थ कोणी काढू नये. घर वेगळं आणि माफी वेगळी.

कलम २. बँकेत जे असेल ते मला पुन्हा चालायला शिकवणाऱ्या नर्सबाईंना द्यावं. त्यांनी मला रोज दटावलं आणि एकदाही खोटं सांगितलं नाही. “दुखणार आहे” म्हणाल्या, आणि दुखलं.

कलम ३. गिऱ्हाइकाला बसवायचं गोल स्टूल शेजारच्या मोबाइलवाल्याला द्यावं. “ताई, आता ज्याच्या त्याच्या खिशात स्टुडिओ आहे, तुम्ही कुलूप लावा,” असं हा मला चारचौघांत म्हणाला होता. खोटं नव्हतं. पूर्वी माणसाचे जन्मभरात पाच-सहा फोटो निघायचे आणि प्रत्येकाला कारण असायचं. शाळेचा दाखला, नोकरीचा अर्ज, स्थळाला दाखवायला, पेन्शन. आता फोटो काढायला कारण लागत नाही. लोक जेवायच्या आधी ताटाचा काढतात.

मग याचे वडील गेले. फोनमध्ये हजारो फोटो, पण कुठे वडिलांचा अर्धा कान, कुठे पाठ, कुठे पुढे नातवाचं डोकं. भिंतीवर लावायला एक धड चेहरा सापडेना. संध्याकाळी खाली मान घालून माझ्या दारात उभा राहिला. मी त्याच्या वडिलांच्या लायसन्सच्या फोटोची निगेटिव्ह शोधून मोठा फोटो करून दिला. वडील त्याच स्टुलावर बसले होते. म्हणून स्टूल त्याला. टोमणा समजायचा तर टोमणाही समजावा.

कलम ४. आता कपाटाबद्दल. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

धंद्याच्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला मी “झालं” म्हटलं, आणि म्हटल्यावर लक्षात आलं की बटण दाबलंच गेलं नव्हतं. तोवर त्याने श्वास सोडला होता, खांदे उतरवले होते. मी गुपचूप बटण दाबलं. धुतल्यावर पाहिलं तर असा चेहरा मी आयुष्यात कधी काढला नव्हता. अर्जावर तो चालला नसता. अर्जाला ताठ माणूस लागतो. त्याला पुन्हा बोलावून ताठ फोटो काढून दिला आणि पहिला ठेवून घेतला.

तेव्हापासून माझी ती रीतच पडली. एक फोटो गिऱ्हाइकाचा. मग “झालं” म्हणायचं, आणि माणूस सैल पडला की एक माझा. बोट कॅमेऱ्याच्या बटणाला जोडलेल्या केबलवर आणि नजर भलतीकडे, म्हणजे कोणाला पत्ता लागत नसे. ती निगेटिव्ह पाकिटात घालायची, पाकिटावर नाव, पत्ता, तारीख, आणि चौथ्या रकान्यात ‘कशासाठी’. तो रकाना माझ्या शिस्तीचा. त्याच शिस्तीने पुढे माझा घात केला.

अशी चारशे बारा पाकिटं लोखंडी कपाटात आहेत. मी ती विकली नाहीत, कोणाला दाखवली नाहीत. बघणारी दुसरी एकच, माझी धाकटी बहीण. मी काढायचे, ती अंधाऱ्या खोलीत धुवायची, मग निगेटिव्हवर पेन्सिलीने बारीक काम करायची. देवीचे वण, मुरुमांचे डाग तिच्या हाताखाली नाहीसे व्हायचे. कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्या कमरेला, एक तिच्या गळ्यात. हे दोघींच्या बाहेर जायचं नाही, असं तिने माझ्या हातावर हात ठेवून म्हटलं होतं.

कलम ५. खुबा मोडून मी अकरा दिवस दवाखान्यात होते. त्या अकरा दिवसांत तिने कपाट उघडलं.

प्रदर्शन भरवणारे एक गृहस्थ तिला भेटले होते. गोड बोलणारे, गळ्यात मफलर. त्यांनी पाकिटं नेली, निगेटिव्हच्या यंत्रावर प्रती काढल्या, आणि पाकिटं परत आणून जागच्या जागी ठेवली. मला कळलं ते चार महिन्यांनी, जेव्हा बहीण म्हणाली, “ताई, चांगली साडी नेस, तुला एक गंमत दाखवायची आहे.” मला चाकाच्या खुर्चीतून एका मोठ्या दिवाणखान्यासारख्या हॉलमध्ये नेलं. दारात माझं नाव माझ्या उंचीच्या अक्षरांत. आत लोक उठून टाळ्या वाजवत होते. आणि भिंतींवर, दाराएवढे मोठे, माझे ते चेहरे. प्रत्येकाखाली नाव. नावाखाली, माझ्याच पाकिटावरून उतरवलेलं, ‘नवऱ्याच्या पेन्शनसाठी’, ‘हरवलेल्या भावाच्या तक्रारीसाठी’, ‘तिसऱ्यांदा स्थळाला पाठवण्यासाठी’.

घरी आल्यावर मी बहिणीला विचारलं, “कोणाला विचारून दिलंस?”

ती म्हणाली, “तुझं नाव व्हावं म्हणून दिलं. सदतीस वर्षं तू लोकांना पासपोर्टवाल्या बाई म्हणून माहीत आहेस. मला ते बघवत नव्हतं.”

“त्या लोकांना विचारलं होतंस?”

“तू विचारलं होतंस, ताई? तू न विचारता काढलेस, मी न विचारता दिले. माझंच तेवढं पाप?”

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणून मी तिच्या नावाने बोटं मोडली, पण ते शेत मी कोणाच्या जमिनीत लावलं होतं हे तिनेच दाखवलं. तरी एक लिहून ठेवते. दुसऱ्या कोणी केसाने गळा कापला असता तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते. ही माझ्या डोळ्यांसमोर वाढली, माझ्या ताटातलं जेवली. तेव्हापासून ती वर राहते, मी खाली. दूध आलं की ती जिन्याच्या पायरीवर पातेलं ठेवते, मी चिठ्ठी ठेवते.

कलम ६. प्रदर्शन संपलं, पण फोटो फोनमधून फिरत राहिले. महिन्याभराने शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. साध्या बाई, बोटांना सुईचे व्रण. फोन माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, “ताई, हा फोटो मी कधी काढून घेतला?”

फोटोत त्या हसत होत्या, तोंड उघडून, अगदी पोट धरून हसावं तशा. खाली लिहिलं होतं, ‘मुलीला वसतिगृहात ठेवण्याच्या अर्जासाठी’.

नवऱ्याने टाकल्यावर त्यांना दिवसभर कामाला जावं लागे, म्हणून सात वर्षांची मुलगी वसतिगृहात ठेवली होती. मुलगी आता बत्तीस वर्षांची आहे, दूर नोकरीला असते. अर्ज केला त्या दिवशी आई दिवसभर रडत होती, असंच ती लहानपणापासून ऐकत आली. तिच्या फोनवर हा फोटो कोणीतरी पाठवला. तिने आईला एवढंच लिहिलं, ‘सुटलीस म्हणून इतकी हसलीस?’ त्यानंतर फोन उचलत नाही.

“मी खरंच हसले होते का हो?” बाई म्हणाल्या. “मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. रडू आवरत बसले होते एवढंच आठवतं.”

मला आठवत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर मी चोरून फोटो काढला हेही सांगावं लागणार होतं. “बघते,” एवढंच म्हणाले. बाई गेल्या. म्हणून आता शपथेवर लिहिते:

त्या दिवशी बाई माझ्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे सुजलेले होते. बहिणीने नंतर पेन्सिलीने ती सूज काढली. पहिला फोटो झाला. मी “झालं” म्हटलं. त्याच वेळी माझी बहीण आतून बाहेर आली. पेन्सिलीच्या शिशाने माखलेला हात तिने नाकाखाली फिरवला होता आणि तिला चांगली जाड मिशी आली होती. बाई तिला बघून हसल्या. मी बटण दाबलं. त्यानंतर लगेच बाई पदर तोंडाला लावून इतक्या रडल्या की मी दुकानाचं दार ओढून घेतलं. रडण्याचा फोटो मी काढला नाही, कारण रोल संपला होता. मिशीवरून मी बहिणीला दोन दिवस रागावले होते, म्हणून हे मला पक्कं आठवतं. त्या मुलीने हे वाचावं. तिची आई सुटली म्हणून हसली नव्हती. कॅमेऱ्याने खोटं काही काढलं नाही. त्याने फक्त मिशी काढली नाही.

कलम ७. अट अशी. चारशे बारा पाकिटं बहिणीने स्वतःच्या हाताने ज्याची त्याला नेऊन द्यावीत. माणूस नसेल तर त्याच्या मुलाबाळांना. टपालाने पाठवायची नाहीत, कोणाच्या हाती पाठवायची नाहीत. प्रत्येक दारात सांगावं, “हे माझ्या बहिणीने तुम्हाला न विचारता काढलं आणि मी तुम्हाला न विचारता जगाला दाखवलं.” समोरचा जे बोलेल ते ऐकून घ्यावं. दार लावलं तर उंबऱ्याशी ठेवून यावं. ज्यांचा पत्ता दोन वर्षांत लागणार नाही त्यांच्या निगेटिव्ह न बघता जाळाव्यात. ती सहासष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात, हे मला माहीत आहे. पण हे काम दुसऱ्या कोणाला सांगावं इतका विश्वास माझा दुसऱ्या कोणावर नाही. हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो आहे.

कलम ८. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रावर माझा अलीकडचा फोटो लागेल. सदतीस वर्षं गावाचे फोटो काढले आणि माझा गेल्या वीस वर्षांतला एक नाही. मी जिन्यावर चिठ्ठी ठेवली: ‘फोटो हवा आहे. अर्जासाठी.’ ती जुना कॅमेरा घेऊन खाली आली. मी स्टुलावर बसले. तिने पडदा सरकवला, उजेड बघितला आणि विचारलं, “काढू का?”

मी म्हटलं, “काढ.” एकोणीस महिन्यांत दोघींत झालेलं हे पहिलं बोलणं.

बटण दाबून ती म्हणाली, “झालं.” मी तशीच ताठ बसून राहिले. ‘झालं’चा अर्थ माझ्याइतका कोणाला ठाऊक? तिने माझ्याकडे पाहिलं, मग हात कॅमेऱ्यावरून काढून दोन्ही हात मला दिसतील असे समोर धरले. मग माझे खांदे उतरले आणि मला रडू आलं. तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही.

साक्षीबद्दल. एक साक्षीदार डॉक्टर आहेत. दुसऱ्या त्याच शिवणकाम करणाऱ्या बाई. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून त्यांचं पाकीट मी आजच, हयातीतच, त्यांच्या हातात दिलं. चारशे बारातलं ते पहिलं; उरली चारशे अकरा. सगळा मजकूर त्यांना वाचून दाखवला. कलम ६ त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

मग म्हणाल्या, “या कलमाची एक प्रत मला आत्ता द्या. माझी पोरगी फोन उचलायला तुमच्या मरणाची वाट बघायची का मी?”

प्रत दिली. त्यांनी ती घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि पेन उचललं. “सही करते,” म्हणाल्या. “पण मी माफ केलं, असं यात कुठे लिहू नका.”

तसं लिहिलेलं नाही.

सगळं वाचलं, समजलं, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

मृत्युपत्र करणारी: (सही) फोटोवाल्या ताई
साक्षीदार १: (सही) डॉक्टर
साक्षीदार २: (सही) शिवणकाम करणाऱ्या बाई
ठिकाण: स्टुडिओ, गोल स्टुलाजवळ
तारीख: १२ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी साडेदहा

सोबत जोडलेला फोटो: धाकट्या बहिणीने काढलेला. विचारून. एकच.