मानेवरची जट

९ जानेवारी, शुक्रवार. दौंड
दुपारी धाकटी बहीण शोभा आणि तिची पल्लवी शिरूरच्या एसटीने आल्या. पल्लवीला टायफॉइड होऊन गेला, चेहरा पार उतरलाय. स्कार्फ सोडायला तयार नाही. चहा झाल्यावर शोभानेच ओढून काढला.
मानेवर, अगदी मुळाशी, जट. अंगठ्याएवढी जाड. वर हळदकुंकू.
"हे काय?"
"आत्याबाईंची हाय. त्यांची पण हितंच हुती."
आत्याबाई म्हणजे शोभाची सासू. पल्लवीच्या जन्माआधीच गेली. मी तिला शोभाच्या लग्नात पाहिलेलं. जट पदराबाहेर काढून बसायची, बायका येऊन पाया पडायच्या.
मी म्हटलं, आजारपणात कुरळ्या केसांचा गुंता झालाय, दुसरं काही नाही. शोभा म्हणाली, "रोज विंचरत हुते. कंगवा हितंच थांबायचा."
माघी पौर्णिमेला त्यांच्याकडे, कवठे येमाईजवळ, पूजा ठरवलीय. पूजा झाली की मग जटेला कंगवा नाही, कात्री नाही. लग्नाचं तर नावच नको. आणि पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी पल्लवीला शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचंय. केस टोपीत बसले पाहिजेत ही तिथली पहिली अट.
"पौर्णिमेपतूर सुटली तर सुटली. म्या काय वैरीण हाय का तिची?" एवढं बोलून शोभा संध्याकाळच्या गाडीने गेली. पल्लवी राहिली.

१० जाने., शनि.
कॉस्मेटिकच्या दुकानात. सगळ्या बाटल्यांवर सरळ केसांच्या बायका. दुकानदार: "हा शाम्पू घ्या मॅडम, केस रेशमासारखे होतात."
"कुणाचे झाले?"
"बाटलीवरच्या बाईचे तर झालेत!"
हसले, आणि घेतला. प. ने डोकं धुतलं. बाकीचे केस उन्हात वाळलेल्या गवतासारखे उभे. जट तशीच. ओली झाली, पण मऊ झाली नाही.
पेपरच्या अंकाची पानं रात्री उशिरा छापायला गेली. जटा सोडवल्याच्या किती बातम्या मी आजवर लावल्या. कार्यकर्ते, कात्री, सत्कार. सिंगल कॉलम. आधी काय होतं आणि नंतर काय, ते कुणी लिहून पाठवत नाही.

१३ जाने., भोगी
भोगीला डोक्यावरून न्हायचं. आई आम्हा दोघींना शिकेकाईने न्हाऊ घालायची, तेच केलं. वर आमच्या बोअरचं जड पाणी. घोळ झाला. केस करकरीत, बोटं आत जाईनात, आणि जटेने शेजारच्या बटा ओढून घेतल्या. सकाळी अंगठ्याएवढी होती. आता पल्लवीची मूठ भरते.
प.: "मावशी, आईचे केस सरळ आहेत. तुझे पण. तुमची शिकेकाई माझ्या डोक्याला कशी चालेल?"
बरोबर आहे तिचं. आमच्या माहेरात कुणाचेच केस कुरळे नाहीत. तिला ते शोभाच्या सासरकडून आले. म्हणजे आत्याबाईंकडून.
हे वाक्य लिहायला नको होतं. असू दे.

१७ जाने., शनि.
यवतला पार्लर. कुरळ्या केसांचं करते असं ऐकलं होतं. बाई बोलघेवडी. "अगं बया, केवढं हे दाट! माझ्याकडं निम्मं दे." क्रीम लावलं, खालून सुरुवात केली, निम्मे केस सुंदर सोडवले. मग मानेशी आली. आतून कुंकू निघालं. एवढ्या धुण्यानंतरही.
तिने कंगवा खाली ठेवला. "ताई, हे मला न्हाई जमायचं. माझी लेकरंबाळं हायती."
पैसे घेतले नाहीत. निघताना वाकून प. च्या पाया पडली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल.
बसमध्ये प. ने स्कार्फ पुन्हा बांधला. पाटस गेल्यावर म्हणाली, "पाया पडल्यावर कसं वाटतं माहितीये? वाईट नाही वाटत." मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

२० जाने., मंगळ.
सापडलं! साबणाचा अंश नसलेला सौम्य शाम्पू, त्यावर दाट कंडिशनर, न धुता. फिल्टरच्या जारचं पाणी. रुंद दातांचा कंगवा. जटेवर खोबरेल जिरवलं आणि टोकाकडून केस केस सोडवत वर गेलो. दुपारभर दोघी अंगणात. प. ने दात आवळून धरले पण "थांब" म्हणाली नाही.
चारच्या सुमारास सुटली. सगळी. कंगवा मुळापासून टोकापर्यंत सरळ गेला. प. आरशासमोर रडली, मग नाचली.
जटेच्या अगदी गाभ्यातून एक केस निघाला. पांढरा, लांबच लांब. प. चे केस खांद्याखाली जेमतेम. हा मी धरला तर कमरेच्या खाली गेला. मी म्हटलं, माझाच असेल. माझे केस मानेपर्यंत कापलेले आहेत, हे दोघींनाही दिसत होतं.
शोभाला फोन केला. "सुटली?" दोनदा विचारलं. मग, "बरं झालं बाई." आवाज खरा वाटला.

२२ जाने., गुरु.
सकाळी वेणी सोडली. मानेशी करंगळीएवढी. त्याच जागी.

२३ जाने., शुक्र.
पुन्हा सोडवली. कमी वेळ लागला. उशीला जुन्या साटीनच्या परकराचा अभ्रा शिवला, केस घासू नयेत म्हणून. त्वचेच्या डॉक्टरांनाही दाखवलं. म्हणाले, तापानंतर होतं, कुरळ्या केसांत होतं, काळजी घ्या. चांगला माणूस. कारण पटलं. दुसरं हवंही नव्हतं.

२४ जाने., शनि.
परत. अंगठ्याएवढी. हळदीचा वास येतो. अभ्रा हुंगून पाहिला, त्याला साबणाचा वास होता.

२५ जाने., रवि.
दुपारी प. झोपलेली. मी दारात बसून बातम्या तपासत होते. सहज वर पाहिलं. तिचा उजवा हात मानेमागे गेला होता आणि बोटं फिरत होती. वाती वळतात तशी, संथ, सराईत. एक पीळ घालायची, चाचपायची, पुढचा घालायची. चेहरा गाढ झोपेतला.
चला, कारण मिळालं. मला हायसं वाटायला हवं होतं. उठून तिला जागं करायला हवं होतं. मी बसूनच राहिले. आत्याबाई दिवसभर देवीसाठी वाती वळायच्या, शोभा सांगायची. पल्लवीला वाती वळता येत नाहीत, मी या दिवाळीला शिकवू पाहिलं होतं.

२६ जाने., सोम.
सांगितलं. आधी हसली. मग स्वतःच नर्सिंगच्या ट्रेनिंगमधले रबरी हातमोजे घातले, मनगटाला चिकटपट्टी लावली आणि झोपली.

२७ जाने., मंगळ.
मोजे शाबूत. पट्टी शाबूत. जट मुठीएवढी.
प. ने चहा घेतला, भांडी घासली. दुपारी शेजारच्या वहिनी आल्या, तेव्हा प. च्या डोक्यावर स्कार्फ नव्हता. वहिनींनी पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. त्या वाकायच्या आधीच प. चा हात उचलला गेला. आशीर्वादाचा.
नंतर विचारलं, हात का उचललास? "मी? कधी?"

३० जाने., शुक्र.
कंडिशनर संपत आला. रोज सोडवतो, रोज बसते. प. च्या मानेची कातडी लाल झालीय.
"मावशी, कापू या."
कात्री घेतली. दुसऱ्यांचा मजकूर कापण्यात माझी हयात गेली, हात कधी अडखळला नाही. आज जटेखाली पातं सरकवलं तर ती गरम लागली. डोक्यालगत आहे, गरम लागणारच. तरी कात्री काढून घेतली. म्हटलं, उद्या. प. ने माझ्याकडे पाहिलं. मी या क्षणी यवतच्या बाईपेक्षा वेगळी नव्हते, हे तिला कळलं.

१ फेब्रु., रवि. पौर्णिमा
शोभा सकाळच्या पहिल्या गाडीने आली. नारळ, हिरवा खण, हळदीची पुडी. प. ला न्यायला.
"पल्लवे, आवर. गाडी हाय धाची."
न्हाणीचं दार उघडलं. पल्लवीने केस स्वतःच कापले होते, आरशात न बघता, वाकडेतिकडे, मान पार उघडी. जट हातात.
"आई, ही घे. ज्यांची आहे त्यांना दे. मला उद्या ड्युटी आहे."
मला वाटलं शोभा कोसळेल, शिव्या देईल. तिने पदर पसरला, जट घेतली, बोटांनी चाचपली. फार ओळखीचं काही चाचपावं तशी. "भीमेत सोडते," म्हणाली. मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, उघड्या मानेवर थांबवला. "दुखलं का गं?"
"न्हाई."
पल्लवी एरवी 'नाही' म्हणते. शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

२ फेब्रु., सोम.
रुजू झाली. टोपीतला फोटो पाठवला. लहान मुलगा दिसते. खूप हसरी. शोभाने त्या फोटोला अंगठा पाठवला, पुढे दोन फुलं.

११ फेब्रु., बुध.
प. चा रोज संध्याकाळी फोन. ड्युटी, मेस, खोलीतली मैत्रीण घोरते. सौम्य शाम्पू शिरूरला मिळत नाही, इथून पाठवला. केसांबद्दल ती बोलत नाही, मी विचारत नाही.

२१ फेब्रु., शनि.
आज फोन दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. आवाज बारीक.
"मावशी, मागचे केस वाढायला लागलेत. मी हात लावून बघितला नाहीये. खोलीतल्या मैत्रिणीला फोटो काढायला लावलाय. तिला काही सांगितलेलं नाही. मी पण बघितला नाही. तू बघ, आणि सांग मला."
"बघते," म्हटलं.
फोटो आला आहे. पानं लावून झाली, भाजी निवडून झाली, कपडे घडी करून झाले. दोनदा तिचा मेसेज आला, "बघितलास?"
फोन टेबलावर पालथा आहे.