कोल्हापूरच्या सूर्यावर जेवण

अप्पा, मी रात्री जेवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुठंतरी ते येईल म्हणून तुम्हाला वाट बघत बसायला नको. दिवस मावळल्यावर, घरातले सगळे दिवे लावून, पोटभर जेवते. मी जेवते, नवरा जेवतो, तुमची नात जेवते, आणि धाकट्याला तर दात यायच्या आधीच अंधारात वरणभात भरवलाय. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, यातलं कुणीच तुम्ही बघितलं नाही. आत्ता मी तुमच्याच घरात, शाहूपुरीतल्या वरच्या खोलीत बसून हे लिहितेय. खाली आई भांडी आवरतेय. सुट्टीला आलोय, सुट्टी संपली की परत जाणार, आणि परत म्हणजे नॉर्वेला. घर आता तिकडं आहे. हेही ऐकून घ्या.

आपल्या घरात घड्याळाला कुणी विचारत नव्हतं. गूळ बाजारात तुमचं अडतीचं दुकान. सकाळी सौदे, मग दिवसभर उतरणारे गुळाचे रवे, त्या मोठाल्या ढेपा, आणि त्या सगळ्यावर घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या. समोरच्या गोदामाच्या पत्र्यावरचं ऊन खाली सरकायला लागलं की तुम्ही गादीवरून उठायचा. समोर कितीही मोठा व्यापारी बसलेला असो. "पावणं, दिवस जातोय. चला, चार घास खाऊन घेऊ आमच्यात," असं म्हणून राधानगरीकडच्या एखाद्या शेतकऱ्याला स्कूटरवर मागं बसवून सरळ घरी आणायचा. आई तव्यापाशी तयारच असायची. तुम्ही भराभर जेवायचा, उठताना पाणी प्यायचा आणि मग सकाळपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. बाहेर सगळ्यांच्या घरी फोडण्या पडायला लागायच्या तेव्हा आपला ओटा पुसून कोरडा झालेला असायचा. मला त्याचा फार अभिमान होता. आमचे अप्पा रात्री जेवत नाहीत, हे मी शाळेत उगाचच कुणालाही सांगायचे. बस्तीत, आपल्या जैन मंदिरात, मुनी महाराजांसमोर मीही तोच नियम घेतला, तेव्हा तर तुम्ही मला खांद्यावर बसवून घरी आणलं होतं.

आणि मग तो बटाटेवडा. मैत्रिणीचा वाढदिवस होता, पलीकडच्याच गल्लीत. केक कापायला उशीर झाला, रस्त्यावरचे दिवे लागले, मग वडे आले. मी दोन खाल्ले. घरी आले तर तुम्ही दारातच उभे होता आणि माझ्या फ्रॉकवर चटणीचा डाग होता. तुम्ही आवाज चढवला नाही. एवढंच विचारलंत, "का खाल्लीस?" मी म्हटलं, तिच्या आईनं लई आग्रह केला. "आग्रह तिचा. तोंड कुणाचं हुतं?" तुम्ही म्हणालात आणि आत गेलात. मी रडत बसले. मला वाटलं, संपलं.

संपलं कुठलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवलाच नाही. आईनं दुपारी डबा देऊन मला दुकानात पाठवलं. चारपाच शेतकरी बसले होते, तुम्ही गुळाचा रवा अंगठ्यानं दाबून बघत होता. रोज सगळ्यात आधी खडा जिभेवर ठेवणारे तुम्ही, त्या दिवशी नुसता वास घेऊन रवा बाजूला सारत होता. मी डबा पुढं केला. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "घेऊन जा माघारी." एका शेतकऱ्यानं तुम्हाला विचारलं, "काय अण्णा, उपास काय आज?" त्यावर तुम्ही त्या सगळ्यांसमोर, अगदी गंमत केल्यासारखं सांगितलंत, "काल आमच्या घरात एक जेवण जादा झालंय. आज एक कमी." ते हसले. मी भरलेला डबा घेऊन बाजारातून चालत आले. घरी आईनं डब्याचं वजन हातात घेतलं आणि तो फळीवर ठेवला. तीही जेवली नाही. मीही नाही. अप्पा, तुम्ही तर व्यापारी माणूस. एक जादा झालं म्हणून तीन कमी केलीत, हा कुठला व्यवहार? हे तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं नाही. आज मी विचारतेय.

मारलं असतं तर मी विसरले असते. तुम्ही स्वतःला उपाशी ठेवलंत, आणि ते मला आयुष्यभर पुरलं. हॉस्टेलला जाताना पाणी गाळायला तुम्ही पांढरं मऊ कापड दिलंत, चौकोनी, कडा तुम्ही स्वतः हातानं शिवलेल्या. त्या कापडातून मी चार वर्षं पाणी गाळलं आणि संध्याकाळी मेसचं दार उघडायच्या आत उभ्या उभ्या दुपारच्या पोळ्या खाल्ल्या. तुम्ही गेल्यावर तर जास्तच कडक झाले. मेलेल्या माणसाला आणखी उपाशी कसं ठेवायचं, असं काहीतरी डोक्यात होतं. तुम्ही कौतुक कराल अशी एकच गोष्ट सांगते. मी शिकले ते पाण्याचंच. तिकडं आम्ही राहतो त्या गावात सगळ्या घरांना जे पाणी जातं, ते ज्या केंद्रात गाळून शुद्ध करतात, तिथली मी इंजिनीअर आहे. म्हणजे तुमच्या कापडाचंच काम, जरा मोठ्या मापानं. नोकरी मला मिळाली, म्हणून नवरा आपली सोडून माझ्याबरोबर आला. त्यावर इथं पाहुण्यांत काय काय बोलून झालं ते आईला विचारा. मला काडीचा फरक पडला नाही.

आम्ही गेलो ते उन्हाळ्यात. नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्राकाठी लहानसं गाव. तिथं तेव्हा सूर्य मावळतच नव्हता. मुलांना झोपवायला खिडक्यांना काळे पडदे लावावे लागले. मी खूश. सामान लावता लावता कितीही उशीर होऊ दे, जेवायला ऊन आहेच! नवरा म्हणायचा, "तुझ्या अप्पांना हितं आणायला पायजे हुतं. दुकान बंदच करायला लागलं नसतं." मी हसायचे. ज्वारीचं पीठ कोल्हापूरहून नेलेलं, ते पुरवून पुरवून वापरायचं, पोरीच्या प्रत्येक मोज्यावर नाव शिवायचं, शेजारणीकडून चिखलाचे बूट कुठले आणि बर्फाचे कुठले ते शिकायचं, असं सगळं चाललं होतं. घर लागत होतं.

मग हिवाळा आला आणि सूर्य उगवायचाच बंद झाला. खोटं नाही सांगत. दुपारी डोंगरामागं थोडं निळसर उजाडतं आणि परत काळोख. असे आठवड्यांमागून आठवडे. नवरा म्हणाला, "अगं, दिवसच न्हाय तर मावळणार काय? जेव की गप." पण मी तुमची मुलगी. मी युक्ती काढली. स्वयंपाकघरात कोल्हापूरहून नेलेलं कॅलेंडर होतं, त्यात सूर्यास्ताची वेळ असते. ठरवलं, आपण कोल्हापूरच्या सूर्यावर जेवायचं. इथं कोल्हापुरात सूर्य मावळतो तेव्हा तिकडं जेमतेम दुपारचा दीड वाजलेला असतो. म्हणजे दीडच्या आत दिवसाचं शेवटचं जेवण. मी कामावर डबा नेऊन एक वाजताच संपवायचे, नवरा घरी धाकट्याला सांभाळत माझ्या समाधानासाठी तसंच करायचा, आणि पोरगी होती तिथल्या बालवाडीत. तिला सांगितलं, दुपारी बाई फळं देतात ती नको म्हणायचं, तेव्हा आजोबांकडचा सूर्य मावळलेला असतो. आणि तिला पटावं म्हणून तुमची ती गोष्ट सांगितली. डब्याची. मोठ्या अभिमानानं सांगितली, अप्पा. फोटोतल्या तुमच्याकडं बोट दाखवून.

एके दिवशी बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. पोरगी पोट धरून रडत होती. कोटाचा खिसा त्यांनी माझ्यासमोर रिकामा केला, त्यात कितीतरी दिवसांच्या सफरचंदाच्या फोडी होत्या, काळ्या पडलेल्या, लोकरीला चिकटलेल्या. बाई चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ती म्हणते, मी खाल्लं तर माझे आजोबा उपाशी राहतील. हे खरं आहे का, त्यांनी विचारलं. ज्या आजोबांना तिनं कधी बघितलंही नाही, जे जाऊन एवढी वर्षं झाली, त्यांच्यासाठी माझी पाच वर्षांची पोर बर्फात उपाशी खेळत होती. मला लाज वाटायच्या आधी राग आला. तुमचा. असा राग मला तुम्ही जिवंत असताना कधी आला नव्हता.

घरी आल्यावर कॅलेंडर काढून टाकलं. कुकर लावला. भरली वांगी केली, तूप वाढलं, घरात होते नव्हते तेवढे दिवे लावले. खिडकीबाहेर मिट्ट काळोख. चौघं टेबलावर बसलो. पोरगी ताटाकडं न बघता तुमच्या फोटोकडं बघत होती. "आजोबा जेवले?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आजोबांचं जेवण आजोबांनी बघायचं. तू तुझं बघ." आणि पहिला घास मी घेतला. मुद्दाम, तिला दिसेल असा, मोठा. घशाखाली गेला. काही झालं नाही. फोटोतले तुम्ही होता तसेच राहिलात. मग तिनं घेतला, आणि मग ती जेवली ती मागून मागून. नवरा तिला वाढत राहिला.

तेव्हापासून आम्ही रात्री जेवतो. नियम मोडला. मोडला म्हणजे मोडला, त्याला मी आजार नाही, परदेश नाही, नाइलाज नाही, कशाचंच नाव देणार नाही. आग्रह कुणाचा नव्हता आणि तोंड माझंच होतं. तुमचा नियम वाईट होता असंही माझं म्हणणं नाही. पाखरू पडू नये, किडा मरू नये म्हणून अंधारात न जेवणारा माणूस मला आजही मोठा वाटतो. पण पाखरासाठी एवढा जीव तुटणाऱ्या माणसाला दारात उभी असलेली आपली पोरगी दिसू नये? त्या दिवशी तुम्ही मला दोन गोष्टी शिकवल्यात, एक नियम आणि एक भीती. नियम मी सोडलाय, तो उद्या मनात आलं तर परत घेईन, माझी मी. भीती मात्र माझ्या पोरीपर्यंत जाऊ देणार नाही. ती माझ्यापाशी संपणार.

डिसेंबरात इकडं येतो ते तिला ऊन मिळावं म्हणून. रोज संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन सूर्य बुडताना बघते आणि टाळ्या वाजवते. तिकडं नसतोच ना तो. गुऱ्हाळं सुरू आहेत, वाऱ्यावर मधूनच काकवीचा वास येतो, तो तिला फार आवडतो. आई अजून तुमच्याच वेळेला जेवते, आणि इथं आलो की आम्हीही तिच्याबरोबर. आज मी नको म्हटलं, पण तिनं उन्हातच आपलं आटोपलं, ओटा पुसला, गॅस बंद केला. एवढ्यात पोरगी गच्चीवरून धडाधडा खाली आली आणि म्हणाली, "आज्जी, सूर्य गेला. भूक लागली."

आईचा हात फडक्यावर तसाच राहिला. "मगाशी विचारलं तर नको म्हणालीस की गं."

"तेव्हा नव्हती. आता लागली."

एवढंच. मान वर करून, सरळ आज्जीच्या डोळ्यांत बघून. मी दारात उभी राहून ऐकत होते. तुम्ही मला विचारलं होतं, का खाल्लीस, आणि मी मैत्रिणीच्या आईचं नाव पुढं केलं होतं. खरं उत्तर हे होतं, अप्पा. शाळेतून आले होते, खेळले होते, वडे गरम होते. भूक लागली होती. इतकं साधं होतं ते, आणि तुमच्यापुढं ते म्हणायची सोय नव्हती.

आईनं एकदा तुमच्या हार घातलेल्या फोटोकडं बघितलं. मग फडकं बाजूला टाकलं, परात ओढली आणि म्हणाली, "बस हितं. गरम भाकरी टाकू तुला." या घरात दिवेलागणीनंतर पेटलेला गॅस मी आज पहिल्यांदा बघितला. भाकरी टम्म फुगली. पोरगी दूध-भाकरी कुस्करून बोटं चाटत जेवली आणि आई तिच्यासमोर, हात पिठात तसेच ठेवून, बघत बसली. कितीतरी वर्षांत तिला असं बसलेलं मी बघितलं नव्हतं.

हा कागद कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. घडी घालून बॅगेत टाकीन, माझ्याबरोबर तिकडं येईल. पण एवढं सगळं ठणकावून सांगितल्यावर एक राहिलेलं सांगते. पोरगी उठल्यावर तव्यावर अजून एक भाकरी होती. आईनं ती ताटात घेतली, वर तुपाची धार सोडली आणि माझ्याकडं न बघताच ताट पुढं सरकवलं. "तुला?" मी म्हटलं, "मला नको, भूक नाही."

खोटं बोलले, अप्पा. भूक होती. आहे.